गुरगुर म्हणजे कबुली नव्हे

मांजराला कोणी बेइमान म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा शेजारच्या जामकरांकडे चहाला बसलो होतो. त्यांच्या सूनबाईंनी मांडीवरच्या मांजराला इतकं कुरवाळलं, इतकं कुरवाळलं, की शेवटी त्यानं त्यांच्या मनगटाला दात लावले आणि उडी मारून ते पलंगाखाली गेलं. "बघा, जातच बेइमान," सूनबाई म्हणाल्या, "आत्ता तर लाडात आलं होतं." मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "त्यानं तुम्हाला कितीतरी नोटिसा दिल्या. तुम्ही एकही घेतली नाहीत." घरी आल्यावर बायको म्हणाली, वय झालं, आता लोकांच्या घरी जाऊन मांजरांची वकिली कशाला करता?

ती वकिली माझी नाहीच. ती किसन तायडेची आहे.

तायडे आणि मी अकोल्याला एकाच वकिलाच्या, तात्यासाहेबांच्या, हाताखाली होतो. महाराष्ट्र व्हायचा होता आणि धर्मांतराला फार दिवस झाले नव्हते. मी अमरावतीचा, बापजाद्यांपासून वकिली असलेल्या घरातला. मला तात्यासाहेबांकडे पाठवलं ते ओळखीनं. तायडे आला तो पायरीवर उभा राहून. हिवरखेडकडच्या एका खेड्यातला पोरगा, नागपूरला शिकून सनद घेऊन आलेला, आणि अकोल्यातल्या एकाही वकिलाच्या ऑफिसात त्याला बसायला जागा मिळत नव्हती. तात्यासाहेबांनी दिली. हे मी पहिल्यांदाच सांगून ठेवतो, कारण पुढे मी तात्यासाहेबांवर चिडणार आहे. ते वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर माझा राग केव्हाच संपला असता.

तायडे उंच, हडकुळा, आणि कायम कशावर तरी संतापलेला. दौतीवर चिडायचा, पंख्यावर चिडायचा, कोर्टाच्या आवारातल्या शिरस्तेदारावर तर तो दिसण्याआधीच चिडायचा. लोक त्याला तिरसट म्हणत, आणि तो होताच तिरसट. उगाच त्याचं गोड चित्र मी काढणार नाही. एकदा युक्तिवादाला उभं राहताना त्याचे गळ्यातले पांढरे बँड तिरपे झाले होते ते मी हात घालून सरळ केले, तर हा बाबा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. का, ते विचारलं तर म्हणाला, "तोंडानं सांगता येत नोयतं काय तुले?"

कोर्टासमोर चहाची एक टपरी होती. टपरीवाला सदाशिव मोठा प्रेमळ. नव्या वकिलांची त्याला फार कीव. तायडेच्या चहात तो आपणहून जास्तीची साखर टाकायचा. पहिल्या दिवशी तायडे काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं कप थोडा लांब सरकवला. पुढे एकदा "साखर कमी" म्हणाला. सदाशिव हसला आणि म्हणाला, "घ्या हो साहेब, पोटात काही नसंल तुमच्या," आणि अजून एक चमचा टाकला. तायडेनं तो अख्खा चहा त्याच्या देखत रस्त्यावर ओतला.

"इचारलं होतं काय?" तायडे म्हणाला.

सदाशिवचं तोंड उतरलं. बाकावरचे वकील म्हणाले, काय माणूस आहे, गरिबाच्या मायेची किंमत नाही. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पण कप सरकवलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला होता, "साखर कमी" आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. चहा ओतलेला तेवढा लक्षात राहिला, आधीचं कोणाच्या लक्षात नाही. "इचारलं होतं काय?" हे त्याचं पालुपद होतं. मी हे त्याच्यावर लिहितोय हे कळलं असतं तर मलाही त्यानं हेच ऐकवलं असतं.

आता बेलीफ. बेलीफ हे तात्यासाहेबांच्या बोक्याचं नाव. तांबूस, पांढऱ्या पायांचा, मोठ्या डोक्याचा बोका. कोर्टाच्या बेलिफासारखा न बोलावता कोणाच्याही घरात शिरतो म्हणून तात्यासाहेबांनीच हे नाव ठेवलं होतं. ऑफिसात तो तात्यासाहेबांच्या मांडीवर नाहीतर दाव्याच्या कागदांच्या गठ्ठ्यावर असायचा. पक्षकार समोर बसून आपलं रडगाणं सांगत असताना तात्यासाहेबांचा डावा हात बेलीफवरून फिरत असे. डोक्यापासून शेपटीपर्यंत, पुन्हा डोक्यापासून शेपटीपर्यंत. बेलीफ डोळे मिटून गुरगुरायचा. मग उताणा व्हायचा. तात्यासाहेब त्याच्या पोटात बोटं घालून गुदगुल्या करायचे. आणि मग एका क्षणी बेलीफ पुढच्या पंजांनी तो हात धरायचा, मागच्या पायांनी लाथा झाडायचा आणि चावायचा. तात्यासाहेब "अरे बेइमाना!" म्हणून त्याला खाली टाकायचे. पक्षकार हसायचे, मुनशी कापसाचा बोळा आणि आयोडीन आणायचा. हे जवळजवळ रोज चाले. तात्यासाहेबांचा डावा हात ओरखड्यांनी कायम रेघाळलेला, आणि त्यांना ते मनापासून कोडं वाटे. "जीव लावतो, दूध देतो, मांडीवर घेतो, तरी हा असा का?" असं ते खरोखर दुःखानं म्हणायचे.

तायडे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे पाहत असे. कित्येक दिवस नुसतं पाहिलं. दावा लिहिता लिहिता त्याची नजर कागदावरून उठून बोक्याच्या शेपटीवर जायची. एक दिवस तात्यासाहेब आतल्या घरात जेवायला गेले तेव्हा त्यानं मला बघायला बोलावलं. "ये देशपांड्या, पाय इकडं."

बेलीफ गठ्ठ्यावर बसला होता. तायडेनं हात पुढे नेला, पण अंगाला लावला नाही. बोटं नाकासमोर धरून थांबला. बेलीफनं वास घेतला, मग आपणच गाल त्या बोटांवर घासला. तायडेनं गालाशी, हनुवटीखाली जरासं खाजवलं आणि हात काढून घेतला. बेलीफनं पुन्हा डोकं पुढे केलं. पुन्हा खाजवलं, पुन्हा हात मागे. मग तायडे म्हणाला, "आता सायबाचा हात फिरवतो," आणि पाठीवरून शेपटीपर्यंत तळवा ओढत राहिला. बेलीफ गुरगुरत होता. पण थोड्या वेळानं शेपटीचं टोक हललं. मग पाठीचं कातडं आपोआप थरथरलं, घोडा माशी बसल्यावर थरथरवतो तसं. कान किंचित मागे वळले. एकदा त्यानं मान वळवून हाताकडे पाहिलं. तायडेनं तिथंच हात उचलला. बेलीफ काही न करता आपलं अंग चाटत बसला.

"किती नोटिसा झाल्या?" तायडे म्हणाला. "शेपटीची एक. कातड्याची एक. कानाची एक. मान वळवली ते शेवटची. मंग दावा लागते. तात्यासाहेब एकबी नोटीस घेत नाहीत आन् वरून म्हनते बेइमान."

"पण गुरगुरत होता ना शेवटपर्यंत?" मी म्हणालो.

"गुरगुर म्हणजे कबुली थोडीच हाय. कुत्रं गुरगुरलं तं तू पळतं. हे गुरगुरलं तं तू अजून हात घालतं. शब्द एकच ठेवला आपल्या लोकाईनं, मानूस फसन नाही तं काय." आणि मग उताण्या पोटाबद्दल त्यानं जे सांगितलं ते मी अजून विसरलेलो नाही. "पोट दाखवते म्हणजे हात लाव म्हनत नाही ते. ते म्हनते, तुह्यावर माहा भरोसा हाय. आन् तुमी नेमका त्याच जागी हात घालता."

हे सगळं तो चिडून सांगत होता. कुरवाळण्यासारख्या गोष्टीवर एखादा माणूस इतका चिडू शकतो हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कापसाचे एक अडते ऑफिसात आले. आपण त्यांना शेठजी म्हणू. तात्यासाहेबांचे जुने, वजनदार पक्षकार. वाट पाहताना त्यांनी बेलीफला जवळ ओढला आणि थोड्या वेळात त्यांच्या हाताला रक्त आलं. शेठजी भडकले. हा बोका आजच्या आज पोत्यात घालून मोर्णा नदीपार सोडून या, नाहीतर मी माझे कागद उचलतो, म्हणाले. तात्यासाहेबांनी नाइलाजानं मुनशीला पोतं आणायला सांगितलं. तेवढ्यात कोपऱ्यातून तायडे उभा राहिला, कोट नीट केला, आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसा शेठजींसमोर आला.

"शेठजी, बोका तुमच्याकडं आला, का तुमी त्याले ओढला?"

शेठजी आधी गोंधळले, मग तात्यासाहेब हसताहेत असं पाहून तेही खेळात आले. "मी घेतला उचलून. झोपला होता."

"तुमी हात फिरवत होते तवा शेपूट काय करत होतं?"

"हलवत होता जोरजोरात. खूश होता ना!"

"शेठजी," तायडे म्हणाला, "तो कुत्रा नोय."

ऑफिस खो खो हसलं. शेठजीही हसले. तात्यासाहेबांनी टेबलावर हात आपटून "आरोपी निर्दोष" असा निकाल दिला आणि पोतं परत गेलं. तिथंच थांबायला हवं होतं. पण तात्यासाहेबांच्या प्रेमाला भरतं आलं. त्यांनी तायडेला जवळ ओढलं, पाठीवर थापा मारत म्हणाले, "पाहिलंत शेठजी? हा माझा पोरगा. काय बुद्धी, काय वाणी. कोर्टात बोलायला लागला की किती शुद्ध! सांगितल्याशिवाय वाटायचं नाही हो, की त्यांच्यातला आहे."

ते हे प्रेमानं म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. शेठजींनी मान डोलावली, मुनशीनं डोलावली. तायडे खाली पाहत उभा होता आणि तोंडावर ते एक हसू होतं, जे नोकरीत, जेवणावळीत, सभेत अशा वेळी तोंडावर ठेवावं लागतं. सगळ्यांना वाटलं, पोरगा कौतुकानं लाजला. मी मात्र त्याच्या शेजारी उभा होतो. काळ्या कोटाखाली त्याचा खांदा थापेगणिक आक्रसत होता.

तोवर तायडे तात्यासाहेबांशी शुद्ध बोलायचा; दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात त्यांच्याशीही वऱ्हाडीशिवाय बोलला नाही. न्यायाधीशापुढे तो मराठी काय, इंग्रजीही अशी बोले की ऐकत राहावं. पण तात्यासाहेबांशी मात्र "येऊन राहिलो", "करून राहिलो", "काहून" असं ठासून. तात्यासाहेबांना वाईट वाटलं. "अरे, चांगलं बोलता येतं ना तुला?" म्हणाले. "हे काहून वाईट हाय?" तायडेनं विचारलं. तात्यासाहेब हसून दुसऱ्या कामाला लागले. ही त्यानं दिलेली नोटीस होती. कोणी घेतली नाही.

एकदा बेलीफ दोन दिवस बाकाखालून बाहेर आला नाही. मुनशी वाकून पाहायचा आणि सांगायचा, मजेत आहे, गुरगुरतोय. तात्यासाहेब म्हणाले, म्हातारा झाला, आराम करू द्या. तायडे बाहेरगावाहून आला, बाकाखाली वाकला आणि ओरडलाच. बेलीफचा मागचा पाय टांग्याच्या चाकाखाली येऊन मोडला होता. तो तिथं पडून गुरगुरत होता ते दुखत होतं म्हणून. तायडेनं त्याला कोटात गुंडाळून गुरांच्या दवाखान्यात नेलं. परत आला तेव्हा संतापानं त्याचा आवाज कापत होता. "दुखत असलं तरीबी गुरगुरते ते. दुखत असलं तं जास्तच. येवढं कसं समजत नाही तुमाले?" मुनशी त्यावर म्हणाला, जनावराच्या मनातलं कसं समजणार, तोंड आहे का त्याला.

त्या संध्याकाळी चालता चालता मी शहाणपणा केला. म्हणालो, "तुझं आणि बेलीफचं जमतं त्याचं कारण मला कळलं. तुझंही तसंच आहे."

तो रस्त्यात थांबला. "हे डबल बोलू नोको," म्हणाला. "मांजर घर सोडून जाऊ शकते. या घरी नाही पटलं, त्या घरी दूध पेते. त्याले कोनी अडवत नाही. माहा बाप कुठी जाईन? मले मांजर म्हनशीन तं लक्षात ठेव, तूबी तात्यासाहेबच." आणि मला तिथंच सोडून निघून गेला. त्यामुळे मी आज ती तुलना करणार नाही. वाचणाऱ्यानं करायची तर आपल्या जबाबदारीवर करावी.

बाप कुठं जाईल, हे तो उगाच म्हणाला नव्हता. त्याच्या गावात धर्मांतरानंतर यांच्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं. सणाला पाटलाच्या दारी जाऊन वाजवायचंही सोडलं. पाटील मारझोड करणारा नव्हता. त्यानं फक्त आपल्या शेताच्या बांधाला काटे लावले. वस्तीतून गावविहिरीकडे जायची वाट त्या बांधावरून होती. पिढ्यान् पिढ्या बाया त्याच वाटेनं पाणी आणत होत्या. आता नाल्यातून लांबचा वळसा, आणि पावसाळ्यात तोही बंद. तायडेनं बापाच्या नावानं वाटेच्या वहिवाटीचा दावा तयार केला. बापाचं नाव संपत.

आणि पाटील हा तात्यासाहेबांचा पक्षकार निघाला.

तात्यासाहेबांना यात काहीच अवघड वाटलं नाही. "घरातलंच भांडण आहे," म्हणाले, "दोन्ही बाजू माझ्याच. बसून मिटवू." एका दुपारी त्यांनी पाटलाला आणि संपतला ऑफिसात बोलावून घेतलं. वाळ्याचे पडदे सोडलेले, बाहेर अकोल्याचा तो उन्हाळा. पाटील खुर्चीवर बसला. बाकावर जागा होती, तरी संपत खाली भिंतीला टेकून बसला. तायडे "बाबा, वर बसा" म्हणाला, तो "राहू दे" म्हणाला. तात्यासाहेबांनी समेटाचा मजकूर वाचून दाखवला. पाटील काटे काढतील. वस्तीतल्या लोकांना पाटलांच्या मेहेरबानीनं, पाटलांची मर्जी असेपर्यंत, वाट वापरता येईल. दावा मागे.

वकील नसलेल्यांसाठी सांगतो. सगळी मेख त्या मेहेरबानीत होती. वाट हक्कानं वापरत आलात, तर ती तुमची. कोणाच्या परवानगीनं वापरत आलात, तर परवानगी काढली की संपलं. संपतनं त्यावर अंगठा दिला असता तर त्याच्या नातवंडांनाही पाटलाला विचारल्याशिवाय पाणी मिळालं नसतं. हे तात्यासाहेबांना पक्कं ठाऊक होतं. तरीही त्यांना वाटत होतं की आपण भलं करतोय, कारण काटे तर निघतच होते.

"संप्या माह्या घरचाच हाय," पाटील म्हणाला. तो खुर्चीतून वाकला आणि त्यानं संपतच्या डोक्यावर, फेट्यावर हात ठेवला, आणि तो तिथंच ठेवून बोलत राहिला. "लहानपनापासून माह्या वाड्यावर वाढला. याच्या पोरीच्या लग्नात लुगडं मीच देलं. काहून रे संप्या, परकं केलं काय म्या तुले कधी?"

"नाही जी," संपत म्हणाला.

"मंग द्या अंगठा."

"हो जी."

तात्यासाहेबांनी समाधानानं शाईची गादी पुढे सरकवली. तायडे बापाकडे पाहत होता, पण तोंडाकडे नाही. संपतच्या पायाचा अंगठा फरशीवर घासत होता. मागे पुढे, मागे पुढे, सारखा. तोंडानं "हो जी, हो जी" चाललेलं.

"हात काढा," तायडे म्हणाला.

कोणाला कळलं नाही, कोणाचा हात.

"माह्या बापाच्या डोक्शावरचा हात काढा, पाटील." आणि तो वाकून बापाला म्हणाला, "बाबा, उठा. तुमाले अंगठा द्याचा नाही."

संपत उठला. खरं सांगतो, इतका वेळ "हो जी" करणारा तो माणूस असा झटक्यात उठला, जणू कोणी उठ म्हणण्याचीच वाट पाहत होता. पाटील लालबुंद झाला. पण खरं तोंड सुटलं ते तात्यासाहेबांचं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"तुला जागा दिली. वकिलांच्या अख्ख्या बारमध्ये कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा दिली. मुलासारखे लाड केले तुझे. आणि शेवटी असा बेइमान निघालास?"

तायडे दारात थांबला. मला वाटलं आता हा काहीतरी भयंकर बोलणार. पण तो हळूच बोलला. "नोटिसा देल्या होत्या, तात्यासाहेब. लय देल्या."

तात्यासाहेबांना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचे कागद आवरायला लागलो. त्या दिवशी बारभर झालं की तायडेनं गुरूला दगा दिला. बार रूममधल्या सभ्य, सुशिक्षित, गांधीजींचा फोटो लावणाऱ्या माणसांनी चघळून चघळून तेच सांगितलं. एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की त्या कागदावर लिहिलं काय होतं. मला आज इतक्या वर्षांनी त्यांची नावं आठवतात आणि हात शिवशिवतात.

त्यानंतर तायडेचं ऑफिस म्हणजे कोर्टाच्या आवारातलं लिंबाचं झाड. टेबल नाही, मुनशी नाही. दावा त्यानं तिथूनच लढवला. पाटलातर्फे तात्यासाहेब उभे राहिले, आणि त्यांची पुस्तकं धरून मागच्या खुर्चीवर मी.

संपतच्या उलटतपासणीला तात्यासाहेबांनी आवाजही चढवला नाही. मधासारखे बोलले. "संपतराव, घाबरू नका. पाटलांनी तुम्हाला कधी मारलं?"

"नाही जी."

"मुलीच्या लग्नात मदत केली?"

"केली जी."

"तुम्ही आजारी होता तेव्हा बैलगाडी दिली?"

"देली जी."

"म्हणजे तुमच्यावर त्यांची माया होती."

"होती जी."

पुढचा प्रश्न मला माहीत होता. आदल्या दिवशी तो मीच लिहून घेतला होता. मेहेरबानीचा तो मुद्दा तायडेला तर माहीत होताच. तो हरकत घेईल म्हणून मी पाहिलं. तो बापाकडे पाहत होता, आणि खुर्चीचे हात धरून गप्प बसला होता.

"मग संपतराव," तात्यासाहेब म्हणाले, "त्या मायेपोटीच ते तुम्हाला त्यांच्या बांधावरून जाऊ देत होते. बरोबर?"

न्यायाधीशांनी टाक उचलला. "हो जी" लिहायला ते तयारच होते.

"माया होती जी," संपत म्हणाला, "आमी खाली बसून होतो तवरोक. वाटेचं काय, ते तं आमी कधी कोनाले इचारलंच नाही. माहा बाप तिकूनच जाये. आजा तिकूनच जाये. इचारलं असतं तं यायनं नाही म्हटलं असतं. म्हनूनच नाही इचारलं."

तात्यासाहेब उभेच राहिले. माझ्याकडे हात मागे केला, पुस्तकासाठी. कोणतं पुस्तक हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. "कधीच विचारलं नाही" या वाक्यावर दावा उभा राहतो, आणि ते वाक्य त्यांनीच स्वतःच्या प्रश्नानं काढून दिलं होतं. तायडेनं वर पाहिलंही नाही.

निकाल लागायला पुढे फार काळ गेला. मी तोवर अमरावतीला परतलो होतो, तिथंच वकिली करत होतो. निकालाच्या दिवशी योगायोगानं दुसऱ्या एका कामासाठी अकोल्याला होतो. दावा मंजूर झाला. वाट हक्काची ठरली, काटे काढून टाकण्याचा हुकूम झाला. मी धावतच बाहेर आलो. तायडे व्हरांड्यात उभा होता, अंगावर तोच कोट, विरून गेलेला. बाजूला संपत, हातात भाकरीचं फडकं.

"जिंकलास, लेका!" मी म्हणालो. "अभिनंदन!"

तो माझ्याकडे असा वळला की मी एक पाऊल मागे सरलो.

"कायचं अभिनंदन?" तो म्हणाला. "माह्या बापाले त्याच्याच गावच्या विहिरीवर जाता येते, येवढं लिहून द्याले याईले इतकी वर्सं लागली. माही माय नाल्यातून पानी आनता आनता गेली या सालात. तिले कोन सांगाले जाईन, का तू जिंकली म्हनून?"

त्याची आई गेल्याचं मला माहीत नव्हतं. संपत म्हणाला, "चाल किसन, गाडी सुटते." आणि ते दोघं आवारातून बाहेर पडले. हिवरखेडची गाडी उभी होती, टपावर सामान चढत होतं. संपत आत चढला. तायडे पायरीवर चढला, मग पुन्हा खाली उतरला आणि गाडीकडे पाठ करून, रुमालात तोंड खुपसून उभा राहिला. कंडक्टरनं घंटा दिली तरी तो उभाच होता.